कोयता बाहेरगावी असताना : रेणापूर ते परळी, एका मतदारसंघाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवले. तास कमी, गुण कमी आणि धडे असे की एका बैठकीत पाठ व्हावेत. आमदार कोण निवडतो, तर मतदार. मतदार कोण, तर अठरा वर्षे पूर्ण केलेला रहिवासी. पुस्तकात एवढेच असते. बीड जिल्ह्यात ज्याने नोकरी केली त्याला या उत्तरातला ‘रहिवासी’ हा शब्द दिवाळीनंतर अडतो. वर्गातली निम्मी पोरे हजेरीपटावर असतात आणि बाकावर नसतात. त्यांचे आईबाप मतदारयादीत असतात आणि गावात नसतात.

आज मी एका मतदारसंघाचा इतिहास सांगणार आहे. आज त्याला परळी म्हणतात. २००९पूर्वी तो रेणापूर या नावाने ओळखला जाई. त्यावर बोलले गेले ते बहुतेक एका घराण्याबद्दल आणि एका जातीबद्दल. ते चुकीचे नाही, पण त्याने माझे समाधान होत नाही. मला प्रश्न पडतो तो साधा आहे : सरकार ज्या दिवशी माणसे मोजते, मग ती मतासाठी असोत की शिरगणतीसाठी, त्या दिवशी या मतदारसंघातला ऊसतोड कामगार कुठे असतो? या प्रश्नाच्या अंगाने पाहिले की सगळा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो.

सुरुवात जरा मागून करू. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५२ साली बीडच्या लोकांनी पहिल्यांदा मत दिले ते हैदराबादच्या विधानसभेसाठी. १७५ सदस्यांचे ते सभागृह, मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारे. काही मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे एक सर्वसाधारण आणि एक राखीव प्रतिनिधी एकाच मतदारसंघातून निवडायचा. १९५६ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७चे मत मुंबईसाठी पडले. १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६२चे मत महाराष्ट्रासाठी. दहा वर्षांत तीन राज्ये. आमदाराला भेटायचे तर आधी हैदराबादची गाडी धरायची आणि मग मुंबईची. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून होती, पण तिचे तोंड विकाराबादकडे, म्हणजे हैदराबादकडे होते. राजधानी पश्चिमेला गेली तरी रूळ जिथे होते तिथेच राहिले. रेल्वेकडे मी पुन्हा येईन.

या मुलखाचा राजकीय रंग तेव्हा कोणता होता? आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही. लोकसभेला बीडने १९५२मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडले. कम्युनिस्टांना आपल्या नावाने लढता येत नव्हते, तेव्हा त्यांनी उभारलेली ती आघाडी. १९६७ला याच बीडने साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर दिल्लीला पाठवले. प्रतिसरकारचा नायक, त्याची सारी कर्मभूमी कृष्णाकाठी, आणि त्याला निवडून दिले बीडच्या बालाघाट डोंगरातल्या लोकांनी. १९७७ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. पंचवीस वर्षांत तीनदा डाव्यांना कौल देणारा दुसरा मतदारसंघ मराठवाड्यात शोधून पाहा. कोरडवाहू जमीन, सावकारी, मजुरी आणि दुष्काळ यांचे ते राजकारण होते. १९७२च्या दुष्काळानंतर ते हळूहळू ओसरले, आणि त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांची भूक वाढत होती. बालाघाटातून तिकडे जाणारी माणसे दरवर्षी वाढू लागली.

आता रेणापूर. गाव मांजरा खोऱ्याच्या बाजूचे. रेणापूर मतदारसंघात परळीचा मुलूख आणि रेणापूर परिसर एकत्र होते. १९८२च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि रेणापूर महसुलाने लातूरकडे गेले. विधानसभेच्या नकाशावर मात्र ते बीडच्या बाजूलाच राहिले, कारण मतदारसंघांच्या सीमा १९७६च्या पुनर्रचनेत आखल्या होत्या आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पुढची पुनर्रचना थांबवली होती. त्यामुळे पाव शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रातला एक अतिशय गाजलेला मतदारसंघ दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाचे नाव घेऊन फिरत होता. सातबारा लातुरात, आमदार परळीचा. रेणापूरकरांनी याची फारशी तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही. आमदार मोठा असला की पत्ता कुणी विचारत नाही.

१९८०च्या मे महिन्यात येथून गोपीनाथ मुंडे निवडून आले. भारतीय जनता पक्ष जन्मून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते आणि सबंध महाराष्ट्रात त्याचे १४ आमदार आले. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचा, तिशीतला, वंजारी शेतकरी घरातला हा तरुण त्या चौदांपैकी एक. १९८५ला काँग्रेसच्या पंडितराव दौंडांनी त्यांना हरवले. १९९० ते २००४ सलग चार वेळा ते रेणापुरातून जिंकले, विरोधी पक्षनेते झाले, १९९५ला गृह खाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री झाले. या साऱ्याची चरित्रे उपलब्ध आहेत. मी ती इथे वाचत नाही.

माझे लक्ष आहे ते तारखांकडे. विधानसभेच्या निवडणुका कोणत्या महिन्यात झाल्या, हे क्रमाने पाहा. १९६२, फेब्रुवारी. १९६७, फेब्रुवारी. १९७२, मार्च. १९७८, फेब्रुवारी. १९८५, मार्च. १९९० आणि १९९५, पुन्हा फेब्रुवारी. हे सगळे महिने ऐन गाळपाचे. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेऊन निघालेली जोडी, जिला आपण एक कोयता म्हणतो, त्या वेळी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याच्या नाहीतर बेळगावच्या फडात असते. कोपीत राहते, पहाटे ऊस तोडते, रात्री गाडी भरते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गाव दिसत नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या पहिल्या पस्तीस वर्षांत या मतदारसंघातल्या सगळ्यात कष्टकरी वर्गासाठी विधानसभेचे मतदान बहुतेक वेळा तो गावात नसताना झाले. अपवाद एकच, १९८०. मे महिना, कोयते घरी आलेले, लग्नसराई सुरू, गावात माणसांची गजबज. आणि त्याच निवडणुकीत या वर्गाचा म्हणवणारा माणूस पहिल्यांदा विधानसभेत गेला.

थांबा, यावरून मी घाईचा निष्कर्ष काढत नाही. १९८५च्या मार्चमध्ये मुंडे हरले हे माझ्या म्हणण्याला सोयीचे आहे, पण १९९० आणि १९९५च्या फेब्रुवारीत ते जिंकले, हे गैरसोयीचे आहे. मधल्या काळात एक व्यवस्था उभी राहिली होती. मतदानाच्या आदल्या रात्री फडाफडांवर गाड्या जायच्या. मुकादमाकडे निरोप, डिझेलचा हिशेब, एका दिवसाचा खाडा कोण भरून देणार याची बोलणी, आणि रात्रभर प्रवास करून सकाळी मत, संध्याकाळी परत. ही व्यवस्था सगळ्याच पक्षांनी वापरली. तिच्यामुळे मत पडते, हे खरे. पण ते मत मुकादमाच्या हातून आणि उमेदवाराच्या गाडीतून येते. फडात एकट्या असलेल्या जोडप्याने मनात आणले म्हणून ते येऊ शकत नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात मतदान गुप्त आहे. मतदाराचा प्रवास मात्र गुप्त नाही. गाडी कुणाची होती हे साऱ्या तांड्याला माहीत असते.

१९९९पासून निवडणुका पावसाळ्याच्या शेवटाला आल्या. १९९९ सप्टेंबर, २००४, २००९, २०१४ आणि २०१९ ऑक्टोबर. हा बदल कुणी कामगारांसाठी केला नव्हता. १९९९ला विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि पुढची मुदत तशी पडत गेली. परिणाम मात्र झाला. कोयता निघायच्या आत मत पडू लागले. मग आले २०२४. गाळप १५ नोव्हेंबरपासून करायला परवानगी आणि मतदान २० नोव्हेंबरला. दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभीच उरकलेली. उचल घेतलेल्या माणसाने थांबायचे की जायचे? कारखाने थोडे उशिरा सुरू करावेत, अशी बोलणी झाली, काहींनी ऐकले. पुन्हा गाड्या निघाल्या.

या अडचणीवर उपाय नाही असे नाही. सीमेवरच्या सैनिकाला टपाली मत आहे. ८५ वर्षांवरच्या वृद्धाच्या घरी निवडणूक कर्मचारी पेटी घेऊन जातात आणि ते योग्यच आहे. डिसेंबर २०२२मध्ये निवडणूक आयोगाने बाहेरगावच्या मतदारांसाठी एक यंत्र तयार झाल्याचे जाहीर केले. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे ते. जानेवारी २०२३मध्ये पक्षांना दाखवण्याचे ठरले तेव्हा बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि ते तिथेच राहिले. हरकतींत तथ्य होते. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या फडात बसून परळीचे मत देणाऱ्याजवळ परळीच्या उमेदवाराचा प्रतिनिधी कोण उभा करणार? पण बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पक्षाने या प्रश्नावर आपले असे काही म्हणणे मांडले, सुधारणा सुचवली, असे माझ्या वाचनात आले नाही. गाड्यांची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांना यंत्राची घाई का असावी?

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटते या मतदारसंघाचे खरे वैशिष्ट्य तीच आहे. ऊसतोड कामगाराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय विधानसभेत होत नाही. टनामागे तोडणीचा दर किती, मुकादमाचे कमिशन किती, हे ठरते साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारात. काही वर्षांनी करार संपतो, संघटना कोयता बंद ठेवायची घोषणा करतात, मग बोलणी होतात. ती अडली की लवाद. एका बाजूने शरद पवार, दुसऱ्या बाजूने गोपीनाथ मुंडे, असा तो लवाद वर्षानुवर्षे चालला. ३ जून २०१४ला मुंड्यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले; मुलगी पंकजा त्यांच्या जागी बसल्या. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती पवार आणि पंकजा मुंडे यांच्याच बैठकीत. आणि लक्षात घ्या, त्या जानेवारीत पंकजाताई कोणत्याही सभागृहाच्या सदस्य नव्हत्या. २०१९ला परळीत हरल्या होत्या, विधान परिषदेवर जायला अजून सहा महिने होते. त्या वेळी परळीचे निवडून आलेले आमदार दुसरे होते, मंत्रीही होते. पण मजुरीच्या टेबलावर परळीचे प्रतिनिधित्व ज्या करत होत्या, त्यांना त्या वेळच्या मतदाराने निवडलेले नव्हते.

याला काय म्हणावे? लोकशाहीचा पराभव म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. या मुलखातल्या माणसाने आपले दोन प्रतिनिधी ठेवले आहेत, असे मला दिसते. एक मतपेटीतून येतो. त्याच्याकडे रस्ता, ट्रान्सफॉर्मर, तलाठ्याची बदली, दवाखान्यातली खाट. दुसरा दसऱ्याच्या मेळाव्यातून येतो. आधी भगवानगडावर आणि २०१७पासून संत भगवानबाबांच्या जन्मगावी सावरगावला जो मेळावा भरतो, तो नुसता धार्मिक नाही की नुसता राजकीय नाही. दुसऱ्या आठवड्यात कोयता हलायचा असतो. जाण्याआधी माणसे एकदा मोजून घेतात की आपण किती आहोत आणि आपल्या बाजूने बोलणारे कोण आहे. विधानसभेच्या निवडणुकीत गाडी आणावी लागते. या मेळाव्याला लोक आपल्या पायांनी येतात, निदान पुष्कळ लोक येतात.

या दुसऱ्या प्रतिनिधित्वाचा दोष असा की त्याला मुदत नाही, ठराव नाही, जाब विचारायची रीत नाही. कामगारांच्या बाजूने लवादात बसणाऱ्या गोपीनाथरावांनीच वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा केला होता. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांना आतून माहीत होत्या. याचा कामगारांना फायदाही झाला असेल. पण कारखानदार आणि कामगारांचा लवाद एकाच घरात, हे विधानसभेत घडले असते तर कुणी तरी उठून हरकतीचा मुद्दा मांडला असता. लवादात हरकतीचा मुद्दा नसतो.

सभागृहातून काहीच झाले नाही असे मात्र नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळी. तेव्हा सामाजिक न्याय खाते परळीचे आमदार धनंजय मुंडे यांच्याकडे होते. घोषणा पंचवीस-तीस वर्षे ऐकलेल्या होत्या. अंमल होताना सरकारे बदलली. तरी हे काम विधिमंडळाचे आहे आणि ते मतदारसंघाच्या नावावर जमा करायला हवे.

आता बायकांबद्दल. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, अध्यक्षांनी क्षमा करावी. या जिल्ह्याने बायकांना जितक्या वेळा निवडून दिले तितके महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांनी दिले असेल. केशरबाई क्षीरसागर तीनदा खासदार. १९९६ला रजनी पाटील. प्रीतम मुंडे २०१४ आणि २०१९. आपल्या अंबाजोगाईच्या डॉ. विमल मुंदडा राखीव केज मतदारसंघातून १९९०पासून पाच वेळा, दोन पक्षांच्या तिकिटांवर आल्या, आरोग्यमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर केजमधून संगीता ठोंबरे, मग नमिता मुंदडा. परळीतून २००९ आणि २०१४ला पंकजा मुंडे. २०१४ ते २०१९ या काळात तर खासदार स्त्री, परळीची आमदार स्त्री, केजची आमदार स्त्री, आणि राज्याचे महिला व बालविकास खाते परळीच्या आमदारांकडे.

याच जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. आणि याच काळातला तो दुसरा आकडा : तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया, बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत. २०१९च्या जूनमध्ये नीलम गोऱ्हे यांच्या प्रश्नावर आरोग्यमंत्र्यांनी हा आकडा विधान परिषदेत दिला. पुढे गोऱ्ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कारणे तुम्हाला माहीत आहेत. पाळीत एक दिवस पडून राहिले की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, फडात ना पाणी ना आडोसा, दुखणे अंगावर काढायचे आणि परतल्यावर जो डॉक्टर भेटेल तो सांगेल ते करायचे.

‘बायका निवडून देऊन काय झाले?’ असा प्रश्न यावर कुणी तरी विचारतोच, आणि तो मला उथळ वाटतो. पुरुष निवडून देऊन काय झाले, असे आपण कधी विचारत नाही. माझ्या नजरेत भरते ते वेगळेच. गर्भाशयांचा हा प्रश्न पुण्याच्या एका विधान परिषद सदस्येने, जिच्यावर बीडच्या एकाही मताचा भार नाही, सभागृहात आणला. फडातली बाई बीडच्या मतदारसंघात राहते पाच-सहा महिने आणि दुसऱ्याच कुणाच्या मतदारसंघात पाच-सहा महिने. खाडा शिरोळला पडतो, शस्त्रक्रिया बीडला होते. शिरोळच्या आमदाराची ती मतदार नाही. बीडच्या आमदाराच्या हद्दीबाहेर तिचा सारा त्रास घडतो. भूगोलावर आधारलेल्या प्रतिनिधित्वात अशी माणसे दोन्हीकडून निसटतात. म्हणून त्यांचा प्रश्न शेवटी उठला तो ज्या सभागृहाला मतदारसंघाचा भूगोल फारसा नाही तिथे.

२००८च्या पुनर्रचनेकडे येतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा आयोग, २००१च्या जनगणनेचे आकडे. २००९च्या निवडणुकीपासून रेणापूर हा मतदारसंघ नकाशावरून गेला. परळी तालुका आणि तुमच्या अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर, बर्दापूर मिळून परळी मतदारसंघ झाला. अंबाजोगाई शहर केजमध्ये. म्हणजे जिल्हा व्हावा म्हणून इतकी वर्षे आंदोलने करणारे हे गाव स्वतःच्या नावाचा मतदारसंघसुद्धा मिळवू शकले नाही, आणि तालुका दोघांत वाटला गेला. असो, तुमच्या दुखण्यावर मी बोट ठेवायला आलेलो नाही. रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला. तिथे २०१९ला एक चमत्कार झाला : विजयी उमेदवारानंतर दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता, ‘नोटा’ होती, २७ हजारांहून अधिक मते घेऊन. ज्या तालुक्याच्या नावाने राज्यातला एक दिग्गज निवडून जात होता, त्याच तालुक्याच्या वाट्याला दहा वर्षांत ही निवड आली.

परळीत पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २००९ला वडील लोकसभेत गेले, मुलगी विधानसभेत. पुतण्या धनंजय दुखावला, त्याने पक्ष बदलला. २०१४ला बहिणीने भावाला हरवले, २०१९ला भावाने बहिणीला ३०,७०१ मतांनी. २०२४ला दोघे एकाच महायुतीत होते आणि धनंजय मुंडे १,४०,२२४ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी मे महिन्यात, कोयते बरेचसे घरी असताना, पंकजाताई लोकसभेला ६,५५३ मतांनी हरल्या होत्या. जातीच्या अंगाने या दोन निकालांचे विश्लेषण वर्तमानपत्रांनी भरपूर केले आहे. डिसेंबर २०२४मध्ये एका तालुक्याला दोन कॅबिनेट मंत्रिपदे मिळाली. त्याच महिन्यात केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली, खटला न्यायालयात आहे. मार्च २०२५मध्ये धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याआधी जानेवारीतच जिल्ह्याचे पालकमंत्रिपद बारामतीच्या अजित पवारांकडे गेले होते. ज्या मुलखात बीडचा कोयता चालतो तिथला नेता बीडचा पालक झाला, याची नोंद घेऊन पुढे जातो.

आणि रेल्वे. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराने तो मतदारांना दाखवला. १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिदिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली. तीस वर्षे. परळीपर्यंतचा टप्पा अजून बाकी आहे. निजामाच्या काळात हैदराबादकडे तोंड करून बसलेले परळी स्टेशन अजून मुंबईकडे सरळ वळलेले नाही.

आता ज्यासाठी मी हा सारा हिशेब मांडला तो भाग. २००८च्या आधी बीड जिल्ह्याच्या वाट्याला सात मतदारसंघ होते : गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, चौसाळा, केज आणि रेणापूर. नंतर सहा झाले, चौसाळा गेला. का? लोकसंख्येच्या भागाकारामुळे. २००१ला राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार, आमदार २८८. म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. बीडची लोकसंख्या २१ लाख ६१ हजार. भागा : ६.४२ येते. साडेसहाच्या वर गेले असते तर सातच्या बाजूने दावा करता आला असता. त्यासाठी आणखी माणसे किती हवी होती? सुमारे २५ हजार.

पंचवीस हजार. एकेका तालुक्यातून त्याहून जास्त माणसे उसाला जातात. २००१ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ दिवस १ मार्च. आपल्या जनगणनेचा नियम असा आहे की त्या संपूर्ण काळात जो घरी नसतो त्याची नोंद जिथे सापडतो तिथे होते. ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत कोयता घरी येतो का? येत नाही. आई, बाप, काखेतले पोर, सगळे कोपीत. गावात म्हातारी माणसे आणि एखादी मोठी पोरगी. प्रगणक दारात आला तेव्हा म्हातारीने कितीही नावे सांगितली असोत, नियमाप्रमाणे ती माणसे बीडची धरायची नव्हती.

बीडची जागा एवढ्यामुळेच गेली, असा दावा मी करत नाही. ठाणे-पुण्याकडे लोकसंख्या इतकी वाढली होती की ग्रामीण जिल्ह्यांना कुठे तरी काटछाट होणारच होती. ऊस पिकवणाऱ्या कोल्हापूरच्याही दोन जागा कमी झाल्या. प्रत्येक म्हातारीने नियम पाळला असेल असेही नाही. पण फरक पंचवीस हजारांचा आणि बाहेर असलेली माणसे लाखांत, हे समोर असताना कुणी या बाजूने हिशेब मागितला का? पुनर्रचनेच्या आयोगापुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून हरकती गेल्या, कुठले गाव कुठल्या मतदारसंघात यावरून भांडणे झाली. ती सगळी सीमेवरची भांडणे होती. मोजणीबद्दल बोलणे मला कुठे आढळले नाही.

२०११चे आकडे घेतले तर तोच भागाकार ६.६२ येतो. पण त्या आकड्यांवर पुनर्रचना झालीच नाही. ती होईल २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर, आणि स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्तीही त्यानंतरच लागू होणार आहे. म्हणजे परळी राहील की नाही, सहा होतील की सात, त्यांतला कुठला मतदारसंघ बाईसाठी राखीव असेल, हे सारे एका गणनेवर उभे राहणार आहे. तिचा संदर्भ दिवस जाहीर झालेला आहे : १ मार्च २०२७. प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. गाळपाचा हंगाम जोरात असेल.

इथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, तेच प्रगणक असतील. काही जण पंचायत समितीत आहेत, एक-दोन माजी सदस्यही दिसताहेत. फेब्रुवारीत कोपीकोपीवर जाऊन मोजणी होणार का, त्या माणसांचे मूळ गाव कोणत्या रकान्यात लिहिले जाणार, आणि पुनर्रचना करणारा आयोग तो रकाना उघडून पाहणार का, हे तीन प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्यायला अजून वेळ आहे. २०२६चा दसरा झाला, कोयता हलला की मग उत्तर विचारायलाही गावात कुणी असणार नाही.